महाराजांचा गोळा

मीठ दोनदा पडलं, हे मावशींना चमचा डब्यात परत ठेवताना लक्षात आलं.

"पडू दे," त्या कढईला म्हणाल्या. "खारट लागलं की तोंडात घालणार नाही."

ऐकायला घरात कढईखेरीज कुणी नव्हतं.

मैदा, मीठ, तेल, लिंबाचा रस आणि किसलेल्या बिटाचं पिळून काढलेलं पाणी. मंद आचेवर घोटत राहायचं. गोळा कडा सोडायला लागला की उतरवायचा आणि हाताला सोसेल तितका गरम असतानाच मळायचा. खेळायची ही माती मावशी शिकल्या नातीसाठी. नात सुट्टीत येणार होती. सुट्टी आली, नात आली नाही. फोनच्या पडद्यासमोर लेकानं तिला धरून बसवलं, "आजी म्हण, आजी" म्हणून मागे लागला, तर पोर मान वळवून पळून गेली.

तो पहिला गोळा मावशींच्यानं टाकवेना. वरच्या मजल्यावर नुकतीच एक शिवणकाम करणारी बाई राहायला आली होती. मशीन थांबलं की छतावरून चेंडू घरंगळल्याचा आवाज यायचा. कधी कुणी कुरकुरायचं, मग ती बाई एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायची, गोड गळ्यानं, अगदी पेंग येईस्तोवर. मावशी डबा घेऊन वर गेल्या.

"घरात लहान कुणी आहे का गं?"

बाई दार अर्धंच उघडून उभी होती. ती हसली. "आहेत ना. आमचे महाराज."

मावशींना ते अहोजाहो फार गोड वाटलं. लेक लहान असताना त्याही त्याला 'साहेब'च म्हणायच्या. साहेब जेवले का, साहेबांना राग आला का. आता तो खराच साहेब झाला होता आणि साहेबांना वेळ नव्हता.

बाई पन्नाशीला टेकलेली दिसत होती. देवानं उशिरा पदरात घातलं असेल. असलं विचारू नये.

तेव्हापासून दर आठवड्याला ताजा गोळा वर जायचा आणि जुना डब्यातून खाली यायचा, कसली तरी आकृती होऊन. तिरकं घर. बिनशेपटीचा कुत्रा. एकदा तर गोल तबकडीचा जुना टेलिफोन, बोटं घालायच्या भोकांसकट.

"अगं, हे कुठं पाहिलं त्यानं?"

"पाहिलं असेल कुठंतरी. त्यांच्या डोक्यात काय काय असतं, देवालाच ठाऊक."

"खातो का माती?"

"खाल्ल्याशिवाय सोडतात होय. तुम्ही आपलं मीठ सढळ हातानं घाला."

"दात आलेत?"

"दातांचं नाव काढू नका, मावशी. त्या दातांनीच काल रात्रभर जागवलं."

"दिसतो कुणासारखा?"

"सगळे म्हणतात, चेहरा हुबेहूब माझा."

मावशी मनापासून हसल्या. "मग एकदा दाखव की. दृष्ट नाही लावणार."

"नवं माणूस दिसलं की रडून घर डोक्यावर घेतात. बघू, जरा रुळू देत." आणि दार लागलं.

मावशी जिना उतरून आल्या. डब्यातलं घर, कुत्रा, टेलिफोन खिडकीत ओळीनं मांडले. कुणी पाहुणा येता तर त्याला सांगितलं असतं, आमच्या वरच्या पोरानं केलंय. पाहुणा येत नव्हता. वरच्या दोरीवर लाळेरी वाळत घातलेली दिसायची, किनार लावून नीट शिवलेली. मापाला चांगलीच ऐसपैस होती. शिवणारी बाई ती, वाढत्या अंगाचीच शिवणार. मावशींचं मागणं तरी काय मोठं होतं? त्यानं एकदा 'आजी' म्हणावं, बोबडं का होईना. म्हणायला शिकण्याचं त्याचं वय निघून जायच्या आत.

त्या दुपारी गोळा मळत असताना वर काहीतरी धाडकन पडलं. मशीन बंद होतं. शिवलेले कपडे पोचवायला बाई मघाशीच पिशव्या घेऊन बाहेर पडलेली मावशींनी पाहिली होती. मग रडणं ऐकू आलं. नेहमीचं कुरकुरणं नव्हे, हमसून हमसून.

मावशींनी हातसुद्धा धुतले नाहीत. गुडघे धरून जिना चढल्या. दाराला बाहेरून कडी होती.

"एवढ्याशा जिवाला कोंडून गेली," त्या पुटपुटल्या. आज येऊ दे तिला, चांगली कानउघाडणी करते. मुलं म्हणजे काय कपड्यांचे गठ्ठे आहेत, ठेवले आणि गेलं?

कडी काढून त्या आत शिरल्या. खुर्ची आडवी झालेली. चेंडू कोपऱ्यात. जमिनीवर गेल्या आठवड्यातल्या गोळ्याचे तुकडे विखुरलेले. रडणं टेबलापलीकडून येत होतं.

"रडू नको रे राजा," मावशी म्हणाल्या. "ही बघ, खालची आजी आली." आणि टेबलाला वळसा घालून त्या वाकल्या.

भिंतीला पाठ लावून महाराज बसले होते. गळ्यात किनारीचं लाळेरं आणि त्यावर रुळणारी पांढरी दाढी. त्यांनी मावशींचे दोन्ही गुलाबी हात धरले, नाकाशी नेऊन हुंगले आणि त्यांचं रडणं थांबलं.

"आई," ते म्हणाले, "किती गं उशीर केलास."