धुऱ्याची खालची बाजू

“हात दाखव, काकू. सगळ्यायले पाहू दे!” भोजराज ओरडला.

रेवताबाईने हात पुढे केले. कोपरापर्यंत ओला चिखल होता. चावडीसमोर जमलेल्या लोकांना आणखी कुठला पुरावा हवा होता?

एकोणऐंशी सालचा भादवा कोरडाठाक चालला होता. धान पोटरीवर आलं होतं आणि तलावाचं पाणी पाळीपाळीने सुटत होतं. भोजराजची बांधी, म्हणजे धानाचं वावर, वर, विधवा रेवताबाईची तिला लागून खाली, मध्ये बांधासारखा एक मातीचा धुरा. काही दिवसांपासून वरच्या बांधीतलं पाणी उतरत होतं आणि खालच्या बांधीतलं चढत होतं. तसा भोजराज उन्हं डोक्यावर आल्याशिवाय शेताकडे फिरकणारा गडी नव्हे. पण आज तो दिवस उगवताच गेला, आणि रेवताबाई धुऱ्याला बिलगून, हात आत खुपसून बसलेली त्याला सापडली.

“धुरा पोखरून राहिली होती! माह्या डोयानं पायलं मी.”

तेवढ्यावर थांबला असता तर भोजराज कसला? त्याने तिचा मेलेला नवरा काढला, तिचं नशीब काढलं. “देवानं तुही ओटी उगीच नाही रिकामी ठेवली,” असंही म्हणाला. दोनचार बायांनी माना खाली घातल्या.

“तुले काही सांगाचं हाये का, रेवताबाई?” पंच श्यामरावांनी विचारलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं आणि पदराला हात पुसले.

निकाल झाला. आठ दिवस तिला पाण्याची पाळी नाही, आणि त्या धुऱ्यावर पाय ठेवायचा नाही. भोजराज मिशीवर हात फिरवत घरी गेला. त्या दिवशी तो दोन घास जास्तच जेवला.

दुसऱ्याच दिवशी त्याची पाळी आली. त्याने बांधी काठोकाठ भरून घेतली. चौथ्या दिवशी येऊन पाहतो तर चिखल उघडा पडलेला. आणि पाळी तोडलेल्या रेवताबाईच्या धानात घोटाघोटाएवढं पाणी!

पाचव्या दिवशी काठी घेऊन तो पहाटेच मोहाच्या झाडामागे दबा धरून बसला. आज हिला धरतोच, म्हणाला. सूर्य वर आला. न्याहरीची वेळ गेली. कोणी आलं नाही. शेवटी कंटाळून तो उठला आणि धुरा ओलांडून खाली, तिच्या बाजूला उतरला. जन्मभर याच बांधीचं खाल्लं, पण त्या बाजूने धुरा त्याने कधी वाकून पाहिला नव्हता.

खेकड्यांनी नव्याने पाडलेली बिळं होती. सात-आठ तरी. त्यांतून उरलंसुरलं पाणी खाली झिरपत होतं. एक खेकडा बिळातून बाहेर आला, याला पाहून परत आत गेला.

आणि त्या बिळांच्या आजूबाजूला, धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बुजवलेली बिळं होती. प्रत्येकात चिखलाचा गोळा दाबून बसवलेला. प्रत्येकावर चार बोटांचे ठसे. भोजराज मोजायला लागला. चाळीसपर्यंत गेला आणि पुढे त्याच्याने मोजवेना. स्वतःच्या धानाला आयतं येणारं पाणी ही बाई रोज अडवत होती, आणि आपण तिची ओटी काढली.

तो तिच्या घरी गेला तेव्हा ती ओसरीवर पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसली होती. त्याच्याने तिच्याकडे बघवेना.

“काकू, तवा काहून नाही बोलली?”

“काय बोलू? आपल्या बांधीत येनारं पानी कोनी अडवते का? लोकं हासले असते.”

“आन् हे पाच दिवस?”

“तुमीच मनाई केली ना, बाबू. धुऱ्यावर पाय ठेवाचा नाही म्हनून.”

भोजराजने खाली पडलेलं एक पान उचलून तिच्यापुढे ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, “राग नाही आला तुले?”

“येत नाही कसा? नवरा गेला तवापासून येते.” तिने पानाला काडी टोचली. “सकायी चिखलात हात घातला का निवते. हे पाच दिवस हात कोरडे होते, तं लय आला.”

तिथून तो तडक श्यामरावांकडे गेला. पंचांना बोलावलं, आणि चावडीसमोर, सगळ्यांच्या देखत, आपली चूक आपल्याच तोंडाने कबूल केली. पाळी तिला परत मिळाली. लोक पांगले. लाज काही पांगली नाही.

संध्याकाळी तो एकटाच धुऱ्याखाली बसला आणि कोपरापर्यंत हात घालून एकेक बीळ बुजवलं. एक मात्र मुद्दाम उघडं ठेवलं. सगळ्यात मोठं. पुन्हा पाळी येईल तेव्हा त्यातून तिला थोडं पाणी जाईल, तेवढंच आपल्या जिवाला बरं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

सकाळी तो पुन्हा गेला. ते बीळ बुजवलेलं होतं. चिखल अजून ओला होता, आणि त्यावर चार बोटं उमटलेली होती.