कंदील दाखवणारा

चौथं पेन आलं, तरी सही होईना. पहिलं उमटत नाही म्हणाला. दुसरं फार जाड उमटतं म्हणाला. तिसरं कानामागे अडकवून विसरला. आणि चौथं हातात धरून रेल्वेचा निवृत्त गार्ड संमतीपत्राकडे बघत बसला, जणू आता कागदच काहीतरी बोलणार आहे.

समोर कॉटवर बायको होती. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. तिची स्वतःची सही केव्हाच झाली होती, चांगली ठसठशीत. खाली नातेवाइकाची जागा रिकामी. सव्वाअकराला तिला ऑपरेशन थिएटरच्या आत न्यायचं होतं. आज टळलं तर पुढची तारीख पंधरवड्यानं, आणि तोवर जुनी झडप तग धरेल, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते.

मुलगा गणिताचा मास्तर, पण बापाचं हे गणित त्याला सुटेना. घाबरला म्हणावं, तर कालच नर्सला हसवून त्यानं जास्तीचा चहा उकळला होता. डॉक्टरवर भरवसा नाही म्हणावं, तर शेजारच्या तीन पेशंटांना त्याच डॉक्टरचं गुणगान ऐकवून आला होता. मग घोडं अडलं कुठं? शिवाय सकाळपासून नर्सला एकच प्रश्न: आत बसायला बाकडं असतं का? नसतं म्हटलं, की पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

"मी करतो सही," मास्तर म्हणाला.

"त्यांचीच हवी," आई म्हणाली. विषय संपला.

अकरा वाजले तसा मास्तरचा तोल गेला. "बाबा, चौतीस वर्षं येईल त्या गाडीला हिरवा कंदील दाखवलात. आईच्याच वेळेला हात का जड झालाय?"

बापानं चष्मा काढला. "कंदील दाखवून झाला, की गार्ड काय करतो रे?"

"काय करतो म्हणजे?" मास्तर गोंधळला. "गाडीत चढतो."

"कुठल्या?"

"त्याच... बाबा, ही काय वेळ आहे का?"

"त्याच गाडीच्या शेवटच्या डब्यात. गाडी घसरली तर तोही घसरतो. म्हणून तर ड्रायव्हर त्याचं ऐकतो. तुम्ही लोकांनी कंदील तेवढा उचललात. तुमचे साहेब खुर्चीत बसून कशालाही हिरवा कंदील दाखवतात आणि घरी जाऊन जेवतात. मला नाही जमायचं ते. कंदील दाखवून मी मागं राहिलोय, असं एकदाही झालेलं नाही."

बाकड्याचं कोडं मास्तरला आत्ता उलगडलं.

"झालं भाषण?" कॉटवरून आवाज आला. "अहो, तुम्ही चढत होतात, तेव्हा मागं कोण राहत होतं? चौतीस वर्षं! डब्यात जागा आहे का, म्हणून मी विचारलं कधी? आज तुम्ही राहा. करा सही."

गार्डानं मुकाट्यानं सही केली. स्ट्रेचर आलं. बायकोचा हात धरून तोही दारापर्यंत चालत गेला. दार उघडलं, तसा तो तिच्या कानाशी वाकला आणि अगदी खराखुरा गोंधळून त्यानं विचारलं,

"अगं, मागं राहिलेल्या माणसानं करायचं काय असतं?"