मिटल्या डोळ्यांचा वर्ग

केलगेरीच्या तळ्याजवळच्या शाळेत कृष्णाबाई, मुलींच्या अक्का, रोज सकाळी मुलींना डोळे मिटून स्वतःचा श्वास ऐकायला लावत. आई प्लेगात गेल्यापासून एक शब्दही न बोललेली राधा त्यांच्यातच बसे. एकदा शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. वर्ग धुक्यात बुडाल्यासारखा शांत होता. साहेब कडाडले, "बाई, ही शाळा की मठ? हे थेर बंद करा, नाहीतर नोकरी सोडा!" साहेबांनी समोरच्या राधालाच दरडावलं, "काय दिसतं गं डोळे मिटून?" ही बोलत नाही, असं कृष्णाबाई सांगणार, तोच राधा झोपेतल्यासारखी म्हणाली, "तळं दिसतं. आई धुणं धुते. रोज पाठमोरी असते. आज तिनं वळून बघितलं, अक्का." हुंदका दाबत कृष्णाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. साहेब पायातल्या वहाणा हातात घेऊन, पाऊल न वाजवता वर्गाबाहेर पडले.