आप्पांचं पायडल

गेम कन्सोलचं अपडेट संपलं आणि टीव्हीवर अक्षरं उमटली: ‘बाहेरचं उपकरण चालणार नाही.’ आप्पांचा पाय पायडलवर तसाच राहिला.

अर्धांगवायूनं डावा हात लुळा पडला, शिवणकाम सुटलं आणि आप्पा गप्पच झाले होते. म्हणून लेकीनं, केतकीनं, शिलाई मशीनचं पायडल आपल्या गेम कन्सोलला जोडलं. तेव्हापासून गाड्यांच्या शर्यतीत दोघं भांडत, हसत.

केतकीनं कन्सोलच्या कंपनीला फोन लावला. “मॅडम, कन्सोल तुमचा असला तरी त्यात बदल करता येणार नाही,” पलीकडून एक बाई म्हणाली.

आप्पांनी फोन मागून घेतला. “ताई, चाळीस वर्षं कपडे शिवले मी. गिऱ्हाईकानं घरी जाऊन बाही आखूड केली, म्हणून सदरा परत नाही मागितला!” पलीकडची बाई हसली, पण नियम बदलेना.

मग केतकीनं आठवडाभर खटपट करून कंपनीनं घातलेलं सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलं.

रविवारी शेवटच्या वळणावर आप्पांनी पायडल दाबलं, तिला मागे टाकलं आणि असे ओरडले, की शेजारचे खटावकर घाबरून धावत आले.

“काय झालं?”

“लेकीला हरवलं! बसा, आता तुमची पाळी.”