तिसरी पुकार

रविवारी उपासनेनंतर दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचा निषेध करणारा ठराव चर्चच्या मंडळीने उभं राहून मंजूर केला. तो लिहिणारे शांतवनमामा टाळ्या थांबेपर्यंत खाली बसले नाहीत.

मग पाळकसाहेबांनी लग्नाआधी तीन रविवार वाचायच्या जाहीर पुकारीतली तिसरी आणि शेवटची वाचली: मार्था, मिशन शाळेतली विज्ञानाची शिक्षिका, आणि सिफो, त्याच देशातून परागंदा होऊन पुण्यात शेतकी शिकणारा. "कोणाची हरकत?"

शांतवनमामा पुन्हा उठले. "हरकत नव्हे, काळजी. मुलं कशी दिसतील गं, पोरी?"

"तुमच्या ठरावातल्या लोकांसारखी, मामा," मार्था म्हणाली.

पाळकसाहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "मंडळीचे पंच विचार करतील."

संध्याकाळी ती पेठेतल्या दुसऱ्या चर्चमध्ये लग्नाचं विचारायला गेली. तिथे असले ठराव होत नसत. राज्यकर्ते देवानेच नेमलेले, मग ते कसे का वागेनात, असं तिथे मानत. "आम्ही राजकारणात पडत नाही," तिथले पाळक म्हणाले.

"हे लग्न आहे."

"या मुलाशी म्हणजे राजकारणच, बाई."

पन्नास वर्षं एकत्र प्रभुभोजनाला न बसलेल्या दोन मंडळ्यांचं तिने एका दिवसात एकमत घडवलं होतं.

सोमवारी दोघं विवाह नोंदणीच्या कचेरीत गेली. "नोटीस तीस दिवस फळ्यावर राहील," कारकून म्हणाला. "तेवढ्या मुदतीत कोणीही हरकत घेऊ शकतं."

"कारण लेखी द्यावं लागतं?"

"लेखी, आणि खाली सही."

"मग कोणी येणार नाही," मार्था म्हणाली आणि तिने सिफोच्या हातात पेन दिलं.