तिसरं पॅकिंग

गळकी गाडी रस्त्यावर काढायची नाही, हा स्वतःच्या गॅरेजमध्ये चाळीस वर्षं पाळलेला नियम म्हातारपणी आप्पांच्याच अंगाशी आला. बायको गेल्यापासून घरात त्यांचा जीव गुदमरायचा, आणि चार घटका बाहेर न्यायला ती जुनी गाडी तेवढी होती. नेमकं तिच्याच इंजिनाच्या साइड कव्हरमधून तेल गळायला लागलं. या वयात गाडी कशाला, हा मुलाचा धोशा तर रोजचाच होता.

आप्पांनी कव्हर उतरवून फटीतलं तेल अडवणारं नवं पॅकिंग बसवलं. सकाळी बघतात तर फरशीवर तेल. दुसरं बसवलं, बोल्ट एकेक करून बेताने आवळले. सकाळी पुन्हा तेच.

"आप्पा, आता हात पूर्वीसारखे राहिले नाहीत तुमचे," मुलगा म्हणाला.

पंक्चर झालं तरी बापाला फोन लावणाऱ्याचं हे बोलणं त्यांना चांगलंच झोंबलं. पण तिसरं पॅकिंगही गळलं, तेव्हा आप्पांचा स्वतःच्या हातांवरचा भरवसाच उडाला. ते वर घरात आले आणि चहा पीत बसलेल्या मुलापुढे उभे राहिले.

"घे ही किल्ली. विकून टाक."

मुलाने लगबगीने हात पुढे केला. त्याच्या तळहातावर किल्ली ठेवता ठेवता आप्पांची नजर त्याच्या नखांवर गेली आणि ते थांबले.



"नखांतलं तेल नुसत्या साबणाने निघत नाही, बाळा. आधी रॉकेल लाव."