बिननावाचे नंबर

रक्तपेढीतून फोन आला तेव्हा महिपत सावंत अंगणात चहा घेत बसले होते. पावस गावची एक पहिलटकरीण सकाळी दाखल झाली होती. ओ निगेटिव्हच्या होत्या तेवढ्या पिशव्या तिला लागून गेल्या होत्या.

"भाऊ, एक तरी माणूस पाठवा. लगेच."

"आलाच समजा," असं म्हणत महिपतनी नवा मोबाइल उघडला आणि ते बघतच राहिले.

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून रत्नागिरीतले रक्तदाते त्यांच्या खिशात असायचे. नाव आणि नावापुढे गट, सगळं मराठीत. काल दुकानदारानं जुन्या फोनमधले नंबर नव्यात घालून दिले आणि जुना फोन पुसून कोरा केला. चारशे बारा नंबर आले होते. पण नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, आकडे आणि '=' अशी चिन्हं. सगळीकडे तेच.

"नम्रता!"

मुलगी लॅपटॉप घेऊन बाहेर आली. दुकानदारानं पाठवलेली फाइल उघडून तिनं दोन मिनिटं न्याहाळली.

"नावं गेलेली नाहीत, बाबा. मराठी अक्षरं सांकेतिक खुणांत साठवलीत आणि या फोनला त्या वाचता येत नाहीयेत. मी उलगडते. तासभर द्या."

"तास नाहीये गो माझ्याकडे."

एकही नंबर त्यांना पाठ नव्हता. नाव दाबलं की माणूस बोलायचा, एवढंच त्यांना ठाऊक. नम्रतानं लॅपटॉपवर मान घातली आणि महिपतनी यादीतला पहिला नंबर लावला.

"महिपत सावंत बोलतोय. रक्तगट कोणता तुमचा?"

पलीकडे विम्याचा एजंट होता. त्यानं गट सांगायच्या आधी नवी पॉलिसी सांगायला घेतली. दुसरा केरू निघाला. "काका, मी ए पॉझिटिव्ह. विसरलात काय? गेल्या गणपतीत तर दिलेलं." तिसरा फोन एका बाईनं उचलला. आमच्या ह्यांचा गट ओ निगेटिव्हच, पण हे बोटीवर गेलेत, मार्चशिवाय येत नाहीत. चौथा लागला नाही. सातव्यानं शिव्या घातल्या. अकराव्या फोनपर्यंत महिपतनी नाव सांगणंसुद्धा सोडून दिलं होतं.

"रक्तगट कोणता तुमचा?"

"ओ निगेटिव्ह," बाईचा आवाज म्हणाला. "कोन बोलतंय?"

महिपत उठून उभे राहिले. "नक्की?"

"नक्की म्हंजे? पयल्या बाळंतपणात डॉक्टरनं सांगितलान. त्यासाठी सुई पन मारलान होती. ओ ताई, दाबून काय बघता, सकाळचाच बांगडा हाय!"

मागे बाजाराचा कलकलाट होता. आता कुठे त्यांनी आवाज ओळखला. मिरकरवाडा बंदराहून दर बुधवारी त्यांच्या दारात माशांची पाटी उतरवणारी ती हीच. किती वर्षं झाली? नम्रता तेव्हा शाळेत जात होती.

"अगं, मी महिपत. नाक्यावरचा."

"भाऊ? मग असा काय विचारताय? मासे नकोत?"

त्यांनी सांगितलं. पोरगी पावसची, पहिलं बाळ, रक्त थांबत नाही. पलीकडे तिनं कुणाला तरी पाटी सांभाळायला सांगितलेलं ऐकू आलं.

"तुमी या इस्पितळाच्या गेटाजवळ," ती म्हणाली. "मी रिक्षा बघतंय."

महिपत स्कूटरवरून पोचले तर ती आधीच पायरीवर उभी होती. हात कोपरापर्यंत धुतलेले, पदर खोचलेला. आत वजन झालं, बोटाला सुई टोचून झाली. गट तोच निघाला. खाटेवर पडल्या पडल्या ती पिशवीकडे मान वळवून बघत राहिली.

"इतकी वर्षं दारात येतेस," महिपत म्हणाले, "कधी बोलली नाहीस."

"तुमी कदी विचारलात?"

लोकांच्या घरी, कॉलेजांत, बँकांत, पोलीस लायनीत महिपत गट विचारत हिंडले होते. आणि दारात आलेल्या बाईला फक्त सुरमई आहे का, एवढंच विचारत आले होते.

दुपारी तंत्रज्ञ स्वतः बाहेर आला. रक्तस्राव थांबला होता. मुलगी झाली, आई शुद्धीवर होती. रक्त देऊन आलेली ती बाकावर चहात बिस्कीट बुडवत बसली होती; ऐकून नुसती हसली आणि दुसरं बिस्कीट उचललं.

तेवढ्यात नम्रताचा फोन. "बाबा, सुटलं! नावं आली सगळी, तुमच्या फोनवर धाडलीत. बघा बरं उघडून."

महिपतनी उघडलं. केरू, ए पॉझिटिव्ह. विम्याचा एजंट. तिसऱ्या फोनवरच्या बाईचा बोटीवरचा नवरा. माणसं एकेक करून परत येत होती. सकाळचा अकरावा नंबर सापडला, तिथं त्यांच्याच हातानं लिहिलेला एकच शब्द होता: मासे.

त्यांनी हळूच शेजारी बघितलं. मग तो शब्द पुसला.

"नाव काय गो तुझं? पूर्ण सांग."

तिनं सांगितलं. एकेक अक्षर शोधत ते लिहीत गेले. चष्मा नव्हता, वेळ लागला. ती वाकून स्क्रीनकडे बघत होती.

"काय लिवलात?"

"कमळा लवू भाटकर. ओ निगेटिव्ह."

तिनं कप खाली ठेवला.

"परत एकदा वाचा," ती म्हणाली.